लीग वन, लीग टूमधला मिडफिल्डर ‘फसलेला’ असतो? हा दावा तपासून पाहू

इंग्लिश फुटबॉलवर मराठीत गप्पा सुरू झाल्या की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय असा: ‘लीग वन-लीग टूमध्ये पंधरा वर्षं काढलेला मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) म्हणजे फसलेला खेळाडू. अकादमीनं हाकललं, दहा क्लबांनी टिकू दिलं नाही, कुणी त्याच्यासाठी दमडी मोजली नाही, नावावर गोल नाहीत. तिथं फुटबॉल नसतंच, नुसती लाथाळी. पगार मात्र कोटींत.’ यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि ते का चुकतं हे कळण्यासाठी या खेळाडूंचे करार कसे चालतात ते माहीत असावं लागतं.

आधी उतरंड. प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. एकूण ९२. त्याखाली नॅशनल लीग, तिच्याखाली आणखी पायऱ्या. हंगामाअखेर चांगले संघ वरच्या श्रेणीत जातात (बढती), तळातले खाली घसरतात. लीग टूचा संघ देशातल्या पहिल्या ९२ संघांत असतो. तिथल्या मधल्या फळीत नियमित खेळणारा माणूस लहानपणी अकादमीत आलेल्या हजारो मुलांतून टिकलेला असतो.

‘वर पोहोचला नाही, म्हणजे फसला’

मॅट ब्लूमफील्डचं उदाहरण घ्या. इप्सविच टाउनमधून तो डिसेंबर २००३ मध्ये वायकम वाँडरर्सकडे आला आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. साडेपाचशेहून अधिक सामने, एकाच क्लबसाठी. या काळात वायकमनं काय काय पाहिलं: २००४ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरण, मग दोनदा वर जाऊन दोनदा खाली येणं. मे २०१४ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी टॉर्कीला ३-० हरवून केवळ गोलफरकावर नॅशनल लीगची पायरी चुकवणं. २०१५ मध्ये बढती ठरवणाऱ्या प्ले-ऑफची अंतिम लढत साउथएंडकडून पेनल्टी शूटआउटमध्ये गमावणं. २०१८ मध्ये बढती, आणि १३ जुलै २०२० ला वेम्बलीवर ऑक्सफर्ड युनायटेडला २-१ हरवून क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये, पोहोचणं. तेव्हा ब्लूमफील्ड ३६ वर्षांचा होता.

या अठरा वर्षांत मॅनेजर बदलले, पैशाची चणचण आली, श्रेणी बदलल्या. दर नव्या मॅनेजरनं संघ नव्यानं लावला आणि तरी याचं नाव यादीत राहिलं. मिडफिल्डरच्या कारकिर्दीचं सर्वांत प्रामाणिक माप हेच असतं: किती वेगवेगळ्या मॅनेजरांनी त्याला शनिवारी मैदानात उतरवलं. अखेर डोक्याला बसलेल्या माराचे परिणाम लक्षात घेऊन त्यानं बूट ठेवले. पुढं तो कोलचेस्टरचा, मग वायकमचा आणि २०२५ मध्ये ल्यूटनचा मॅनेजर झाला. अशा माणसाला ‘फसलेला’ म्हणायचं तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

‘अकादमीनं हाकललं’

सोळाव्या वर्षी मुलाला साधारण दोन वर्षांची स्कॉलरशिप मिळते आणि अठराव्या वर्षी क्लब निर्णय घेतो. हा निर्णय मुलाच्या गुणवत्तेइतकाच क्लबच्या गरजेवर ठरतो. मधल्या फळीत दोन-तीनच जागा असतात आणि मोठा क्लब त्या जागांवर तयार खेळाडू विकत आणतो. त्यातून उशिरा वाढ होणाऱ्या मुलाचं या जागी सर्वाधिक नुकसान होतं, कारण पाठीवर माणूस घेऊन चेंडू राखायला अंगात ताकद लागते आणि ती कित्येकांना विशीत येते.

एबेरेची एझेला आर्सेनल, फुलहॅम, रेडिंग आणि मिलवॉल या चौघांनी सोडलं होतं. २०१७-१८ च्या पूर्वार्धात तो क्वीन्स पार्क रेंजर्सकडून लोनवर (म्हणजे ठरावीक काळासाठी उसना) लीग टूमध्ये खेळला, तोही याच वायकममध्ये. मे २०२५ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध क्रिस्टल पॅलेसचा एकमेव गोल त्याचा होता. पेली-रडक एमपान्झू वेस्ट हॅमकडून ल्यूटनला आला तेव्हा ल्यूटन पाचव्या श्रेणीत होता. २०१४, २०१८, २०१९ आणि २०२३ अशा चार बढत्या घेत तो त्याच क्लबसोबत थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. एकाच क्लबबरोबर असा प्रवास करणारा तो पहिला खेळाडू.

‘दहा क्लबांनी टिकू दिलं नाही’

क्लबांची यादी वाचण्यातच इथं घोळ होतो. यादीत लोनवर काढलेले महिनेही वेगळा क्लब म्हणून येतात. इंग्लंडचा कर्णधार झालेल्या हॅरी केनच्या नावापुढे लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच आणि लेस्टर ही नावं आहेत. त्यावरून त्याला चार क्लबांनी नाकारलं असं कुणी म्हणत नाही. तरुण मिडफिल्डरला लोनवर धाडतात ते खेळायला मिळावं म्हणून.

दुसरं कारण कराराची मुदत. या पातळीवर करार बहुधा एक किंवा दोन वर्षांचा असतो आणि ३० जूनला संपतो. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं याची यादी मे महिन्यात निघते. ज्याला सोडलं त्याला जुलै महिन्याचा मूळ पगार मिळतो, दुसरीकडे सही केली नाही तर. जुलैच्या सराव सामन्यांत तो नव्या क्लबकडून उतरतो तेव्हा संघयादीत त्याच्या नावाऐवजी ‘ट्रायलिस्ट’ (चाचणीवर आलेला) एवढंच छापलेलं असतं. तीस वर्षांचा, तीनशे सामने खेळलेला माणूसही या रांगेत उभा राहतो, कारण मधल्या काळात मॅनेजर बदललेला असतो, किंवा संघ वर चढलेला असतो आणि क्लबला वरच्या श्रेणीसाठी नवी माणसं हवी असतात. आपल्याच कष्टानं मिळवलेल्या बढतीनंतर नोकरी जाणं इथं सर्रास घडतं.

त्यात आणखी एक कलम असतं, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: ठरावीक सामने सुरुवातीपासून खेळले की करार आपोआप एका वर्षानं वाढतो. समजा हा आकडा २५ आहे. खेळाडू मार्चमध्ये २४ वर पोहोचतो आणि अचानक बाकावर बसू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं फॉर्म गेला. प्रत्यक्षात क्लबला पुढच्या वर्षाचा खर्च टाळायचा असतो. म्हणून एखाद्याची कारकीर्द पाहताना क्लब मोजण्याआधी प्रत्येक हंगामात तो किती सामने सुरुवातीपासून खेळला ते बघा, त्या वर्षी क्लब कुठल्या श्रेणीत होता ते बघा, आणि मधला रिकामा हंगाम दुखापतीचा होता का तेही बघा.

‘फुकटात गेला, म्हणजे किंमत शून्य’

युरोपीय न्यायालयाचा बोसमन निकाल डिसेंबर १९९५ चा. करार संपला की खेळाडू मोकळा, नव्या क्लबनं जुन्याला काही द्यायचं नाही. इंग्लंडमध्ये अपवाद २४ वर्षांखालच्यांचा: जुन्या क्लबनं कमी नसलेल्या अटींवर नवा करार देऊ केला असेल तर त्याला भरपाई मागता येते. करारच जिथं एक-दोन वर्षांचे, तिथं २४ नंतरचे बहुतेक बदल बिनपैशाचे होणार हे उघड आहे. जेम्स मिल्नर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आणि २०२३ मध्ये ब्रायटनला असाच गेला, एमबाप्पे २०२४ मध्ये रेआल माद्रिदला असाच गेला.

‘गोल नाहीत, आणि तिथं फुटबॉलही नाही’

हे दोन आरोप एकत्र घेतो, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे: मधल्या फळीचं काम दिसत नाही.

खालच्या श्रेणीत लांब चेंडू जास्त टाकतात, हे खरं. पण लांब चेंडूचा पहिला स्पर्श हा डावाचा अर्धाच भाग असतो. वायकमकडे अडेबायो अकिनफेन्वा हा धिप्पाड स्ट्रायकर होता तेव्हा गोलरक्षकाची लाथ त्याच्या छातीच्या किंवा डोक्याच्या रोखानं यायची. खरा प्रश्न त्यानंतर सुटलेला चेंडू कुणाचा. त्यासाठी एक मिडफिल्डर स्ट्रायकरच्या मागे आठ-दहा यार्डांवर, किंचित बाजूला उभा राहतो, अंग अर्धवट गोलाकडे वळवून, म्हणजे चेंडू पायात येताच पुढं बघता येतं. दुसरा त्याच्या मागे थांबतो. चूक कशी होते? दोघंही उडीच्या ठिकाणी धावतात. बचावपटू डोक्यानं चेंडू जरा जोरात परतवतो, तो दोघांच्या वरून जातो आणि समोरच्या संघाला बचावफळीपुढं मोकळी जागा मिळते. फार जवळ उभा राहिला तरी फसतो, कारण चेंडू त्याच्या मागे पडतो. योग्य जागी दर सामन्यात पुन्हा पुन्हा पोहोचणारा माणूस गोलांच्या तक्त्यात कुठंच दिसत नाही. मॅनेजर मात्र संघ लिहिताना पहिलं नाव त्याचं लिहितो.

कार्डांचं गणितही असंच. लीगच्या पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना बाहेर. ३७ सामन्यांपर्यंत दहा झाली की दोन. प्रतिहल्ला अडवण्यासाठी मधल्या फळीतल्या बचावात्मक खेळाडूला कधी ना कधी फाउल करावाच लागतो. चार कार्डांवर असताना तो कुठं करायचा, हे अनुभवानंच येतं: स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापासून दूर, हल्ला वेग घेण्याआधी, अंग लावून, जर्सी न ओढता. आणि हे सगळं ४६ लीग सामन्यांत, शिवाय चषक स्पर्धांत, कित्येकदा शनिवार-मंगळवार-शनिवार अशा चक्रात, जानेवारीच्या चिखलमय मैदानांवर. तिथं पायाखाली चेंडू नीट लोळत नाही, म्हणून आखूड पासपेक्षा दुसऱ्याच्या पुढं मोकळ्या जागेत टाकलेला पास जास्त शहाणपणाचा ठरतो.

तिथं फुटबॉल नसतं तर पुढं इंग्लंडकडून खेळलेल्या जॅक ग्रीलिशला नॉट्स काउंटीत, जेम्स मॅडिसनला कव्हेंट्रीत आणि डेली अॅलीला एमके डॉन्समध्ये काय शिकायला मिळालं? अॅलीचा एमके डॉन्स लीग वनमध्ये असताना, ऑगस्ट २०१४ मध्ये, त्यांनी लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला ४-० हरवलं होतं. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर मुंबई सिटीकडून खेळलेला अॅडम ली फाँड्र आहे. तो स्ट्रायकर, पण घडला स्टॉकपोर्ट, रॉचडेल, रॉदरहॅममध्ये. जानेवारी २०१३ मध्ये तो रेडिंगकडून प्रीमियर लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईनं इंडियन सुपर लीगची शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले तेव्हा त्यांच्या आघाडीवर होता.

‘पगार मात्र कोटींत’

ऑगस्ट २०२० मध्ये क्लबांनी मतदान करून पगारखर्चावर मर्यादा आणली होती: लीग वनच्या क्लबला वर्षाला २५ लाख पाउंड, लीग टूच्या क्लबला १५ लाख. यात बोनस, कर आणि एजंटांची फीही धरलेली होती. खेळाडूंच्या संघटनेनं आव्हान दिल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादानं ही मर्यादा रद्द केली, पण या पातळीवर किती पैसा फिरतो याचा अंदाज त्या आकड्यांतून येतो. १५ लाख २२ जणांत वाटले तर माणशी सुमारे ६८ हजार पाउंड, तेही कर आणि फी धरून, आणि इंग्लंडच्या महागाईत. मूळ पगार त्याहून कमी. वरची रक्कम सामना खेळल्याची, जिंकल्याची. म्हणजे घोट्याला दुखापत झाली की उत्पन्न लगेच घटतं. शिवाय हे उत्पन्न पस्तिशीच्या आसपास थांबतं.

आणि तो पगारही वेळेवर येईल याची खात्री नसते. बरी नावाचा क्लब २०१९ च्या वसंतात लीग टूमधून बढती घेऊन वर गेला. पगार थकले होते तरी खेळाडूंनी ती बढती मिळवली. २७ ऑगस्ट २०१९ ला क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आलं. तोवर नवा हंगाम सुरू झाला होता, इतर क्लबांचे संघ भरले होते आणि पगाराचे पैसे वाटून झाले होते. मोकळ्या खेळाडूला खेळाडू-बदलाच्या मुदतीनंतरही सही करता येते, पण त्यासाठी सही करून घेणाऱ्याकडे जागा आणि पैसा दोन्ही शिल्लक असावं लागतं.