टू पोस्ट लिफ्ट आणि रो हाऊसची फरशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलायला कोणती लिफ्ट घ्यावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ठाण्याच्या वागळे इस्टेटच्या गाळ्यात बारा वर्षं टू पोस्ट लिफ्ट (दोन खांबांच्या हातांवर गाडी उचलणारी) चालवणाऱ्या माणसाने वेळ काढून लिहिलंय, तर उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरच्या गॅरेजसाठी सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या सांगाड्याने गाडी खालून उचलणारी) सुचवून मी लोकांना उगाच घाबरवतोय, बारा वर्षांत तुमच्या लिफ्टचा एक बोल्ट हलला नाही, सिझरवर गिअरबॉक्स उतरवता येत नाही, ज्याला लिफ्ट परवडत नाही त्याने गाडीखाली उतरायला सरळ खड्डा खणावा, आणि लॉकबद्दल मी चकार शब्द लिहिलेला नाही. शेवटी सहज लिहिल्यासारखं लिहिलंय की, तीच जुनी लिफ्ट तुम्ही ऐरोलीला रो हाऊसमध्ये राहणाऱ्या पुतण्याला देताय. मला काळजी त्या वाक्याची आहे.

लॉकचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते लिहायचं राहून जाणं ही माझी गंभीर चूक आहे. गाडी वर गेली, मोटर थांबली की माणूस लगेच खाली शिरतो. पण तेलाच्या दाबावर गाडी तोलून ठेवायची नसते. दोन्ही खांबांतून लॉकचा खटका ऐकू आला पाहिजे, आणि मग गाडी किंचित खाली सोडून तिचं वजन त्या लोखंडी खटक्यांवर बसवायचं. एका बाजूचा खटका आधी आणि दुसऱ्या बाजूचा मागून पडत असेल, तर दोन्ही बाजू सारख्या ठेवणाऱ्या तारा बिघडल्यात असं समजायचं आणि त्या जुळवल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. लेखात हे आजच घालतो.

गिअरबॉक्सचंही खरं आहे. सिझरचा सांगाडा नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, टायर ही कामं आरामात होतात. क्लच प्लेट बदलायची तर गाडी तुमच्याकडेच आणावी लागेल.

आता फरशी. गाडी दीड टनाची धरा, म्हणजे एका खांबाच्या वाट्याला ७५० किलो. हे वजन खांबाच्या डोक्यावर बसत नाही, पुढे आलेल्या हातांवर बसतं. खांबाखालच्या प्लेटच्या आतल्या कडेपासून ते अर्धा मीटर पुढे, आणि मागचे बोल्ट त्याच कडेपासून ३५ सेंटिमीटर मागे, असं धरू. ७५० ला ५० ने गुणून ३५ ने भागलं की हजार किलोच्या वर जातं. खांबाचं स्वतःचं वजन वजा केलं तरी मागचे बोल्ट उपटू पाहणारा जोर टनाच्या आसपास राहतो. हिशेब मोघम आहे, पण ताण कुठे येतो ते कळायला पुरेसा आहे. बोल्ट कितीही चांगला घ्या, तो धरून ठेवणार काँक्रीटच. म्हणून लिफ्टच्या बऱ्याच कंपन्या किमान ४ इंच जाडी आणि ३००० पीएसआय ताकदीचं, म्हणजे आपल्या एम-२५ ग्रेडच्या जवळपासचं काँक्रीट मागतात. काही तर ६ इंच मागतात. तुमच्या गाळ्याची फरशी मुळातच जड मशिनं आणि भरलेले टेम्पो पेलायला ओतलेली. बारा वर्षं बोल्ट हलला नाही, याचं निम्मं श्रेय तिला द्या.

माझी फरशी कशी निघाली ते सांगतो. नेरुळच्या आमच्या रो हाऊसच्या पार्किंगमध्ये टू पोस्टच बसवायची होती. ठेकेदार म्हणाला होता, खाली सहा इंच काँक्रीट आहे. मी कोपऱ्यात, जिथे कुणाच्या नजरेला येणार नाही तिथे, १२ एमएमचं ड्रिल लावलं. टाईल गेली, मसाला गेला, मग पांढुरकी भुकटी यायला लागली. हाताला जेमतेम जोर लागायला लागतोय तोच ड्रिल भसकन आत गेलं, पार चकपर्यंत. टोकाला आकडा वाकवलेली तार त्या भोकात सोडली, आकडा काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवला आणि वर नखाने खूण धरून बाहेर काढली. टाईल-मसाला धरून साडेचार इंच, त्यातलं काँक्रीट अडीच. त्याच्याखाली मुरूम खचून दोन बोटं पोकळी झालेली. तार त्या पोकळीत मोकळी फिरत होती. त्या जागेवर दीड टन डोक्याच्या वर उचलून मी खाली उभा राहणार होतो.

खाडीकडची आपली बरीच जमीन भरावाची. इमारत पायावर उभी राहते, पार्किंगची फरशी मात्र नुसत्या भरावावर टेकलेली असते, आणि भराव बसत जातो. वरून टाईल चकचकीत असल्याने पत्ता लागत नाही.

दुसरी अडचण उंचीची. मोजायचं ते बीमच्या खालून. माझ्याकडे २.६५ मीटर मिळतात. स्विफ्ट १.५३ मीटर उंच, म्हणजे टपावर वीतभर मोकळं सोडलं की गाडी जेमतेम मीटरभर उचलली जाते. खाली ताठ उभं राहायचं तर छत सव्वातीन मीटरच्या वर हवं. शिवाय टू पोस्टचे बुटके खांबसुद्धा साधारण पावणेतीन ते तीन मीटरचे असतात. वर आडवी तुळई असलेल्यांना साडेतीनच्या वर लागतं. मग चाकं लावलेल्या स्टुलावर बसून काम करायचंच आहे, तर सिझर काय वाईट?

खड्ड्याला माझा ठाम विरोध आहे. शेजाऱ्यांनी पाण्याच्या टाकीसाठी खणलं, तेव्हा चार फुटांवरच पाणी लागलं होतं. पावसाळ्यात तर खड्ड्याची विहीर होईल. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साठून राहते, आणि हातदिव्याची एक ठिणगी पुरते. तुमच्याकडे चार माणसं आजूबाजूला असतात. घरी रविवारी दुपारी माणूस एकटाच खाली असतो.

विजेचं मोठं काही नाही. सव्वादोन किलोवॅटच्या आसपासची सिंगल फेज मोटर मिळते, तिला मीटरपासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी द्यायचा.

पुतण्याला लिफ्ट देऊ नका असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे उंची असेल, तर जुनी फरशी फोडून, मुरूम नीट ठोकून, इंजिनिअरला विचारून सळईसकट सहा इंच नवीन ओतून घ्या आणि २८ दिवस तिथे बोल्ट मारू नका. जुन्या टाईलवरच थर चढवू नका. खांब सामाईक भिंतीला चिकटवू नका. फरशीच्या कडेजवळचा बोल्ट कडेचा तुकडा घेऊन निघतो.

लिफ्ट टेम्पोत चढवायच्या आधी ऐरोलीला कधी जाताय ते कळवा. ड्रिल आणि ती आकड्याची तार घेऊन मी येतो, दहा मिनिटांचं काम आहे.