‘स्वस्त हेडफोनने कान जातात’ म्हणे!

सध्या एक संदेश फिरतोय. वर ‘सावधान!’, खाली एका ‘नामवंत कानतज्ज्ञां’चा हवाला, आणि त्या नामवंतांचं नाव मात्र कुठेच नाही. असल्या संदेशांना मी एरवी उत्तर देत नाही. पण हा आमच्या काकांपर्यंत पोचला. मी त्यांना घेऊन दिलेले कानाला अडकवायचे हेडफोन त्यांनी पिशवीत गुंडाळून कपाटात टाकले आणि मला फोन केला, “अगं, कान जायचे माझे या वयात! तीस हजारांत एखादा चांगला बघ माझ्यासाठी.” तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: दहा हजारांखालचे हेडफोन म्हणजे कचरा. त्यांचा फाटका आवाज कानाचे पडदे फाडतो, महागड्यांचा आवाज ‘शुद्ध’ असल्यामुळे तो कितीही मोठा केला तरी बाधत नाही. कानाला अडकवायचे उघडे हेडफोन सगळ्यांत वाईट, ते फोनवर नीट वाजतही नाहीत. चांगल्या हेडफोनच्या खोक्यावर ४०,००० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे स्वर किती उंच याचं माप) लिहिलेलं असतं, पिन सोन्याची असते, आणि ते आधी शंभर तास वाजवून मुरवावे लागतात. शिवाय वायरचा जमाना संपला.

सगळ्यांत घातक मुद्दा आधी घेते.

‘शुद्ध आवाज कितीही मोठा केला तरी चालतो’

हे ज्याने लिहिलं त्याला कान म्हणजे काय हेच माहीत नाही. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा असतात, प्रत्येक कानात सुमारे १५,०००. आवाजाची लाट आली की त्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठा आवाज फार वेळ ऐकला की या पेशी आधी थकतात, मग मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. लाट तीनशे रुपयांच्या हेडफोनमधून आली की तीस हजारांच्या, याचा त्या पेशींना पत्ताही नसतो. त्यांना दोनच गोष्टी कळतात, आवाज किती मोठा आणि किती वेळ.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी दिलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. यातली गोम अशी की दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, आणि असं करत १०० डेसिबलला आलात की आठवड्याभराचा सगळा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. म्हणजे एक विलंबित ख्याल ऐकून व्हायच्या आत. या हिशेबात ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ असे रकाने नाहीत.

उलट मला तर वाटतं, धोका महागड्यातच जरा जास्त. हेडफोन वाईट असेल तर आवाज वाढवला की तो चरचरतो, कानाला टोचतो, आणि हात आपोआप आवाज कमी करायला जातो. चांगला हेडफोन टोचत नाही. आवाज चढत जातो आणि कळतही नाही.

काकांच्या बाबतीत हे आणखी गंभीर आहे. वय वाढलं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. स, श, फ ही अक्षरं पुसट होतात आणि माणूस म्हणतो, ‘गाणं स्पष्ट येत नाही, जरा मोठं करा.’ अशा माणसाला ‘महागडा घे आणि बिनधास्त मोठा कर’ हा सल्ला देणं म्हणजे निव्वळ दुष्टपणा. काकांना तीस हजारांच्या हेडफोनची गरज नाही, एका श्रवणचाचणीची आहे. ती मी ठरवून टाकली आहे.

राहिला कानाचा पडदा. तो कानात पू झाल्याने फाटतो, जोरदार थपडेने फाटतो, स्फोटाने फाटतो. दोनशे रुपयांच्या इअरफोनमध्ये लताबाई जरा घोगऱ्या वाजल्या म्हणून फाटत नाही.

‘दहा हजारांखालचा हेडफोन म्हणजे कचरा’

याला एकच उत्तर पुरे. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं घेऊन ती किमतीशी ताडून पाहिली. त्यात कान झाकणारे, कानावर टेकणारे, कानात घालायचे असे सगळे प्रकार होते. अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला आणि त्याचं शीर्षकच निष्कर्ष सांगतं: हेडफोनचा खर्ज-मध्य-तार यांचा तोल आणि त्याची किंमत यांचा एकमेकांशी संबंध आढळत नाही. या तोलालाच इंग्रजीत फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, आणि हेडफोन कसा वाजतो हे सगळ्यांत जास्त त्याच्यावरच ठरतं.

आता यावरून ‘जितका स्वस्त तितका उत्तम’ असा उलटा संदेश कोणी फिरवू नये. संबंध नाही म्हणजे दोन्ही बाजूंनी नाही. स्टेशनबाहेर टांगलेले ‘एक्स्ट्रा बास’वाले इअरफोन बहुतेक वेळा भिकारच असतात, हे मान्य. शिवाय किंमत फक्त आवाजासाठी मोजलेली नसते. बाहेरचा गोंगाट मारणारी यंत्रणा, बॅटरी, ब्लूटूथ, चामड्यासारखी गादी, खोकं, जाहिरातीतला नट या सगळ्याचे पैसे त्यात असतात. हवे असतील तर जरूर मोजा. पण गाणं त्या प्रमाणात चांगलं वाजेल असं समजू नका.

‘कानाला अडकवायचे उघडे हेडफोन सगळ्यांत वाईट’

इथे मला खरा राग आहे, कारण स्वस्तात गाणं ऐकायचं तर याच जातीकडे बघायला हवं.

अमेरिकेत मिलवॉकीला कॉस नावाची कंपनी आहे. गाणं ऐकायचे पहिले स्टिरिओ हेडफोन तिचा संस्थापक जॉन कॉस याने १९५८ साली आणले. याच कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ साली आला आणि तो आजही विकला जातो. त्याच घराण्यातला केएससी-७५ म्हणजे डोक्यावरची पट्टी काढून टाकलेला प्रकार. दोन चकत्या, त्यांवर फोम, आणि कानामागे अडकवायला एकेक आकडा. दिसायला फुकट मिळाल्यासारखा. अमेरिकेत किंमत वीस डॉलरच्या आसपास, इकडे आयात होऊन येतो म्हणून जरा चढी. पण दहा हजारांचं नाव काढायची गरज नाही.

एवढ्या पैशांत तो चांगला का वाजतो? त्यात कमी आहे म्हणून. बंद हेडफोनमध्ये कानाभोवती एक पेटी तयार होते. त्या पेटीत आवाज आपटतो, घुमतो, मध्येच कुठलातरी स्वर फुगतो, आणि तो घुमारा आवरायला अभियंत्यांना बरंच डोकं आणि कंपनीला बराच पैसा लागतो. उघड्या चकतीला पेटीच नाही. मागून आवाज मोकळा बाहेर जातो, त्यामुळे आवरायचं असं फारसं उरतच नाही. सगळा खर्च चकतीतल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या एका बऱ्यापैकी पडद्यावर करता येतो.

आपण जे ऐकतो त्याला हे फारच मानवतं. तानपुरा लावून बघा. जवारीतून निघणारे वरचे स्वर एकमेकांपासून सुटे ऐकू येतात. गायकाचा आकार छातीतून आल्यासारखा येतो, डब्यातून आल्यासारखा नाही. नाट्यगीत, अभंग, भावगीत, रेडिओवरची जुनी ध्वनिमुद्रणं, यातला बहुतेक ऐवज मधल्या पट्टीत असतो आणि तिथेच हे हेडफोन खरे वाजतात. कान झाकला जात नसल्यामुळे घामही येत नाही, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहत नाहीत.

बरं, संदेशात अर्धं खरं आहे तेही सांगून टाकते. उघड्या चकतीतून अगदी खालचा खर्ज निसटतो. डग्ग्याची मींड कळते, पण पखवाजाची धुम पोटात जाणवत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: लोकलमध्ये, बसमध्ये, रस्त्यावर हे वापरू नका. बाहेरचा गोंगाट अडत नाही, म्हणून तुम्ही आवाज वाढवणार, आणि मग वरचा ४० तासांचा हिशेब पार कोसळणार. वर शेजाऱ्यालाही तुमची ठुमरी ऐकावी लागेल. प्रवासासाठी कानात घट्ट बसणारे घ्या. गोंगाट मारणारे महागडे घेतलेत तर तिथे ते पैसे खरंच वसूल होतात, हे नाइलाजाने कबूल करते. चष्मा असेल तर आकडा आणि काडी यांची थोडी मारामारीही होते. पण काका घरात, खिडकीशी बसून दुपारी नाट्यसंगीत ऐकतात. त्यांना लोकलचे नियम कशाला?

‘फोनवर वाजतच नाहीत’

केएससी-७५ चा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ६० ओहम आहे (तो जास्त तितके व्होल्ट जास्त लागतात) आणि एक मिलिवॅटला तो १०१ डेसिबल देतो, असं कंपनीच सांगते. गणित करा. ८० डेसिबलला एक मिलिवॅटचा शंभरावा भागही लागत नाही. एक मिलिवॅटला लागतो पाव व्होल्ट, आणि साध्या फोनची पिन त्याहून जास्त देते. ६० हा आकडा बघून घाबरलेल्या कुणीतरी हे ठोकून दिलंय.

उरलेलं

४०,००० हर्ट्झ वटवाघळांसाठी ठीक आहे. धडधाकट तरुण कानाची हद्द २०,००० च्या आसपास संपते आणि काकांच्या वयाला त्याच्या बरीच आधी. सोन्याचा मुलामा पिन गंजू नये म्हणून असतो, त्याने गळा गोड होत नाही. शंभर तास मुरवायला हेडफोन म्हणजे लोणचं नव्हे. शंभर तासांत बदलतो तो बहुधा ऐकणारा, त्याला त्या आवाजाची सवय होते. आणि परत करायची मुदत तोवर उलटून जाते, हा विक्रेत्याचा फायदा वेगळाच.

वायरचं म्हणाल तर बिनवायरच्या इअरफोनमधली बॅटरी दोन-चार वर्षांत मान टाकते आणि ती बदलून मिळणं कठीण. वायरवाल्यात बॅटरीच नाही. नव्या फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सीला लावायचं छोटं जोडणीचं शेपूट मिळतं, फक्त ते आपल्या फोनवर चालतं ना हे दुकानातच लावून बघा. वर्षा-दोन वर्षांनी फोम भुसभुशीत होतो, त्याच्या सुट्या जोड्या किरकोळ पैशांत मिळतात. आकडा ढिला झाला तर हलक्या हाताने बसवा, जोर लावलात तर तुटेल. आणि काका, कपाटातली ती पिशवी काढताना वायर ओढू नका.