फॉन्ड्यूचा पहारेकरी

पार्टीला फॉन्ड्यू, म्हणजे पाव बुडवून खायचं वितळलेलं चीज, ठेवलं की यजमान मोकळा, असं ज्याने मला सांगितलं त्याने फॉन्ड्यू आजवर फक्त खाल्लेलं असणार. भांडं मधोमध ठेवायचं, पाहुणे लांब काट्यांना पावाचे तुकडे टोचून आपापलं खातील, तुम्ही गप्पा मारा! माझ्या वाट्याला गप्पा सोडून बाकी सगळं आलं.

स्वित्झर्लंडमध्ये यात पांढरी वाईन घालतात. वाईनच्या आंबटपणामुळे चीजमधली प्रथिनं एकमेकांना घट्ट बिलगून गोळा होत नाहीत. मी वाईनऐवजी बिअर घेतली होती. बिअरमध्ये तेवढा आंबटपणा नसतो, म्हणून वरून लिंबू पिळायचं. हे शास्त्र मी पाहुण्यांना फार मन लावून समजावलं. 'बिअर'च्या पुढचं कोणाच्या कानात शिरलं नाही. फेस बसावा म्हणून पातेल्याशेजारी ग्लासात ओतून ठेवलेली बिअर कोणीतरी 'उघडी पडलीय बिचारी' म्हणत पिऊन टाकली. दुसरी बाटली फोडून मी चमच्याने तिचा फेस मोडत बसलो, तर मागून आवाज, "अरेरे, काय हे पाप!"

ग्रुयेर आणि इमेंटाल ही दोन स्विस चीजं किसताना बोटाचं सालटं निघालं, ते सोडून देऊ. साधारण 400 ग्रॅम किसाला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, मूठमूठ घालायचं, आधीची मूठ विरघळल्याशिवाय पुढची नाही. ढवळायचं आठच्या आकड्यात. हा आठ इंग्रजी, बरं का. मराठी ८ गिरवला तर चमचा भांड्याबाहेर आणि चीज ओट्यावर.

आणि उकळी येऊ द्यायची नाही. आलीच तर खाली रबरी गोळा, वर तेलाचा तवंग, आणि मग कितीही ढवळा. मी मंद आचेवर डोळ्यांत तेल घालून उभा, तेवढ्यात मदतीला आलेल्या मित्राने गॅस मोठा करायला हात लांब केला. "पटकन होईल रे." त्याचा हात आणि माझी किंकाळी यांत किंकाळी जेमतेम आधी पोचली.

टेबलावर सुख असेल म्हणता? छे. बर्नर बारीक केला की चीज थिजतं, मोठा केला की बुडाला लागतं. ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याला दंड करायची स्विस रीत आहे. मी चलाखीने जाहीर केलं, पाव पडेल त्याने ढवळायचं. त्यानंतर मंडळींनी असे जपून घास बुडवले की एकाचाही पाव पडेना.

तरी मला एक आशा होती. शेवटी तळाशी चीजचा जो खरपूस पापुद्रा धरतो, तो जाणकारांच्या मते सगळ्यांत चविष्ट. तो मी मनातल्या मनात स्वतःसाठी राखून ठेवला होता. पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडून उलथनं घेऊन आलो, तर टेबलावर भांडंच नाही.

"सिंकमध्ये आहे," मागे राहिलेला मित्र हात पुसत म्हणाला. "बुडाला फार लागलं होतं. साबणाच्या पाण्यात भिजत घातलंय, तेवढीच तुला मदत."