६४ अंशांची वेज आणि नवशिक्याचा खिसा

"मामा, ही मागवूनच टाकली," एवढे एक वाक्य आणि त्याखाली पुढे ढकललेला एक लांबलचक संदेश, असा माझ्या भाच्याचा निरोप गेल्या आठवड्यात आला. हाच संदेश त्याआधी तीन वेगवेगळ्या गटांतून माझ्याकडे येऊन गेला होता आणि मी तो तीनही वेळा न वाचल्यासारखा केला होता. मात्र चार महिन्यांपासून दर रविवारी पहाटे मुलुंडहून खारघरच्या सिडकोच्या मैदानावर जाऊन, पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत गोल्फ शिकणाऱ्या घरच्या मुलाने त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले, तेव्हा गप्प बसणे मला जमले नाही. संदेशातला दावा थोडक्यात असा आहे: नवशिक्याने क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, महागडा संच घेण्याऐवजी आधी ६४ अंशांची एक लॉब वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारा क्लब, घ्यावी, कारण लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा मागे झुकलेला कोन, जितका जास्त तितका चेंडू आपोआप उचलला जातो, बंकरमधून, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून, सुटायला तिच्यासारखे दुसरे साधन नाही, मोठे व्यावसायिक खेळाडूही तीच वापरतात, आणि अवघ्या अडीच हजारांत प्रत्येक फेरीत दहा फटके वाचतात.

यातला 'आपोआप' हा शब्द सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. गोल्फच्या नियमांनुसार चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो, म्हणजे त्रिज्या सुमारे २१.३ मिलिमीटर. पुढचे गणित शाळेत त्रिकोणमिती शिकलेल्या कोणालाही कागदावर करता येईल. क्लबचे तोंड जितके मागे झुकलेले, तितका तो चेंडूला खालच्या बाजूला स्पर्श करतो. कडक, सपाट जमिनीवर ठेवलेल्या चेंडूला ४६ अंशांच्या पिचिंग वेजचे, म्हणजे सर्वांत कमी झुकलेल्या वेजचे, तोंड जमिनीपासून सुमारे ६ मिलिमीटर उंचीवर टेकते, तर ६४ अंशांच्या वेजचे तोंड जेमतेम २ मिलिमीटरवर. याचा अर्थ असा की चेंडू तोंडावर घ्यायचा असेल, तर वेजची खालची धार त्या २ मिलिमीटरच्या फटीतून आत शिरलीच पाहिजे. ती त्याहून वर राहिली की तोंडाऐवजी धारच चेंडूवर आदळते, आणि ती जरा मागे जमिनीत रुतली की चेंडू दोन पावले सरकून थांबतो. पिचिंग वेजमध्ये नवशिक्याला जी चूक माफ होते, तीच ६४ अंशांत माफ होत नाही. म्हणजे सोपी म्हणून विकली जाणारी ही वेज प्रत्यक्षात पिशवीतली सर्वांत काटेकोर हात मागणारी वस्तू आहे.

धार लागलेला चेंडू उंच जात नाही. तो गुडघ्याच्या उंचीने, सपाट आणि भरधाव सुटतो. लॉब वेजचा फटका मुळात लांब फिरवून मारायचा असल्यामुळे त्या वेळी क्लबचा वेगही भरपूर असतो, आणि समोर साधारण वीस-तीस यार्डांवर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, माणसे उभी असतात. नव्या वेजच्या पहिल्याच सकाळी भाच्याचा असा एक चेंडू होलचा झेंडा धरून उभ्या असलेल्या कॅडीच्या, म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाच्या, पोटरीजवळून गेला. सुदैवाने लागला नाही. अशा वेळी समोरच्यांना सावध करायला 'फोर' अशी आरोळी द्यायची असते हेही त्याला चेंडू पलीकडच्या झुडपात शिरल्यावर आठवले. दहा फटके वाचवणाऱ्या संदेशात या प्रकाराबद्दल एक शब्द नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे.

लांब फिरवावे का लागते, याचेही उत्तर त्याच त्रिकोणमितीत आहे. क्लबच्या वेगाचा जो भाग तोंडाच्या लंबदिशेने चेंडूवर येतो, तो ढोबळमानाने लॉफ्टच्या कोसाइनइतका असतो: ४६ अंशांना सुमारे ६९ टक्के, ६० अंशांना बरोबर निम्मा आणि ६४ अंशांना सुमारे ४४ टक्के. हात पुढे असले की प्रत्यक्ष कोन थोडा कमी होतो, पण क्रम तोच राहतो. शिवाय या कमी वेगातला मोठा वाटा चेंडू पुढे नेण्याऐवजी वर नेण्यात खर्च होतो. त्यामुळे जे अंतर पिचिंग वेजने छोट्या, आवरलेल्या हालचालीत निघते, त्यासाठी इथे कितीतरी मोठी हालचाल करावी लागते; आणि हालचाल जितकी मोठी, तितकी ती २ मिलिमीटरची फट चुकण्याची शक्यता अधिक. ग्रीनच्या कडेवरून आठ नंबरच्या आयर्नने, म्हणजे वेजपेक्षा कमी झुकलेल्या क्लबने, किंवा पिचिंग वेजने, जवळजवळ पट (ग्रीनवर चेंडू लोळवण्याचा फटका) मारल्यासारखा चेंडू ढकलून त्याला होलकडे लोळू देणे दिसायला अजिबात रुबाबदार नाही, आणि व्हिडिओत तर मुळीच शोभत नाही. नवशिक्याने शिकायचे ते मात्र हेच.

बंकरच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, आणि ते मान्य करणे मला भाग आहे. बंकरची कड उंच असेल आणि झेंडा त्या कडेला चिकटून असेल, तर जास्त लॉफ्ट उपयोगी पडतो. तथापि वाळूतून चेंडू काढण्याचे मुख्य काम लॉफ्ट करत नाही. ते बाउन्स करतो, म्हणजे क्लबच्या तळाचा जो भाग धारेपेक्षा खाली उतरलेला असतो आणि वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावरून घसरतो, तो. अमेरिकी गोल्फपटू जीन सॅराझेन यांनी आपल्या जुन्या क्लबच्या तळाला शिसे जोडून हे साधले आणि १९३२ साली ब्रिटिश ओपन जिंकली. आजची सँड वेज, म्हणजे वाळूसाठीची वेज, त्याच प्रयोगाची वंशज आहे आणि ती साधारण ५४ ते ५६ अंशांची, भरपूर बाउन्सची असते. भाच्याने मागवलेल्या स्वस्त वेजच्या तळावर ४ हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे बाउन्स अवघा ४ अंश. अशी वेज कडक, उघड्या जमिनीवर तरबेज माणसाच्या हातात ठीक चालते, पण मऊ वाळूत ती कुदळीसारखी आत जाते. आणि मुंबईत जून ते सप्टेंबर केवळ वाळूच नव्हे, तर सगळी जमीनच मऊ असते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावी नसावे. पावसाळ्यात वाढलेल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, तर उलटाच प्रकार घडतो: चेंडू गवतावर तरंगलेला असतो आणि इतके झुकलेले तोंड त्याच्या खालून सरकून पलीकडे निघून जाते.

व्यावसायिकांचे नाव घेणे हा जुना डाव आहे. अमेरिकी व्यावसायिक फिल मिकेलसन यांनी ६४ अंशांची वेज वापरली आहे, हे खरे. पण लहानपणी त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात वडिलांनी सरावासाठी ग्रीन तयार करून दिले होते, हेही तितकेच खरे. आमच्या मुलुंडच्या इमारतीत गाड्या लावायला जागा नाही.

आता पैशाचे. अडीच हजार ही रक्कम संचाच्या तुलनेत लहान दिसते, पण ज्याच्याकडे पुरता संच नाही त्याच्यासाठी ती नेमक्या चुकीच्या जागी खर्च होते. भाच्याकडे वापरलेला अर्धा संच आहे आणि त्यातली पिचिंग वेज ४६ अंशांची आहे. तिच्यानंतर थेट ६४ म्हणजे मध्ये १८ अंशांचे भगदाड, जिथे अनुभवी खेळाडू साधारण चार ते सहा अंशांच्या टप्प्याने क्लब ठेवतात. नियमांत जास्तीत जास्त १४ क्लबांची मर्यादा आहे, किमान संख्येची कोणतीही अट नाही. तेव्हा एक लाकडी म्हणवणारा पण आता धातूचाच असलेला क्लब, तीन-चार आयर्न, पिचिंग वेज, ५६ अंशांची एक सँड वेज आणि पट मारायचा पटर एवढ्यावर नवशिक्याची वर्षे निघतात. त्या अडीच हजारांत वापरलेली चांगली सँड वेज शोधावी, आणि काही उरलेच तर सरावाच्या चेंडूंच्या बादल्यांवर किंवा प्रशिक्षकाच्या एखाद्या तासावर घालावे. दहा फटके वाचण्याच्या दाव्याला उत्तर देण्याची गरज नाही, कारण ज्याला प्रत्येक होलवर तीन पट लागतात, त्याचे फटके कुठे जातात ते त्याला स्वतःला दिसतेच.

विक्रेता वेज परत घ्यायला तयार नाही, कारण तिच्या तोंडावर आता चिखलाचे आणि एका दगडाचे ओरखडे आहेत. तेव्हा ती भाच्याच्या पिशवीतच राहील. पाऊस संपून जमीन कडक होईपर्यंत ती बाहेर काढायची नाही, आणि काढली तरी समोर कोणी उभे असताना मारायची नाही, एवढे त्याने माझ्यापाशी कबूल केले आहे.