२१ दिवसांत १० किलो? आधी हिशोब मांडू

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ठिकाणी दिसला. भिशीचा ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, गल्लीतल्या मंडळाचा ग्रुप, आणि शेवटी माझ्या भाचीच्या फोनवर, जपून ठेवलेला. मजकूर थोडक्यात असा: "२१ दिवसांत १० किलो वजन कमी, गॅरंटी. भात पूर्ण बंद. रात्रीचं जेवण बंद. उठल्याबरोबर कोमट पाणी, लिंबू, मध, चरबी विरघळते. पोटाला पट्टा बांधून घाम काढा. रोज २०० पोटाचे व्यायाम, पोट सपाट. मटण, दूध, शेंगदाणे बंद. ज्याला जमत नाही त्याच्यात जिद्द नाही. दहा जणांना पाठवा."

मी १९ वर्षं मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. वडील तालमीतले, त्यामुळे खुराक आणि मेहनत हे शब्द घरातच कानावर पडलेले. असे मेसेज मी वाचून पुसून टाकते. हा पुसता आला नाही, कारण भाचीनं तो अक्षरशः पाळला.

तिचं लग्न वैशाखात होतं. मेसेज पाळायला लागून नववा दिवस. संध्याकाळी आम्ही दोघी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर फिरायला गेलो, आणि बोलता बोलता ती कठड्यावर बसली. हातात लिंबूपाण्याची स्टीलची बाटली. झाकण फिरवत होती, बोटं थरथरत होती, झाकण काही निघेना. ओठ पांढरे पडलेले. "जेवलीस का?" विचारलं तर म्हणाली, "कालपासनं जेवलो न्हाई आत्या. पण साडेतीन किलो उतरलंय." गाड्यावरून दोन केळी आणली. तिनं ती खाल्ली आणि मग रडायला लागली, नऊ दिवसांचं केलेलं वाया गेलं म्हणून.

त्या मेसेजच्या एकेका ओळीला उत्तर द्यायचं मी तिथंच ठरवलं.

"२१ दिवसांत १० किलो." हा साधा गुणाकार-भागाकार आहे, चौथीतल्या पोरीलाही जमेल. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. दहा किलोच्या झाल्या ७७,०००. त्या २१ दिवसांत जाळायच्या तर रोज सुमारे ३,६६७ कॅलरीची तूट हवी. आता आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेला आकडा बघा: बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसभराची एकूण गरजच १,६६० कॅलरी. जेवढं शरीर दिवसभरात खर्चच करत नाही, त्याच्या दुपटीहून जास्त तूट कुठून आणायची? ती बाई २१ दिवस पाण्याशिवाय काहीही न घेता राहिली, तरी या हिशोबानं जेमतेम साडेचार किलो चरबी जाईल. आणि तोवर तिला दवाखान्यात न्यावं लागेल.

मग भाचीचे साडेतीन किलो गेले ते काय होतं? खोटं नव्हतं ते, काट्यावर दिसत होतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो चारशे-पाचशे ग्रॅमच्या आसपास. पण त्यातला प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. भात-भाकरी एकदम तोडली की पहिल्या काही दिवसांत हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो इथंच उतरतात. पोटात अन्नच नाही, त्याचंही थोडं वजन कमी होतं. उरलेल्यात थोडी चरबी आणि थोडा स्नायू. भाची नीट जेवायला लागली आणि चार दिवसांत दोन किलो परत आले. ती हादरली. मी तिला सांगितलं, चार दिवसांत दोन किलो चरबी चढवायला पंधरा हजार कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात, तू तर वरण-भात आणि भाकरी खाल्लीस. आलं ते पाणी. जे गेलं होतं तेच आलं. मेसेज लिहिणाऱ्याला हे पहिले दिवसच विकायचे असतात, कारण याच दिवसांत काटा भराभर खाली जातो.

२०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. त्यात आठवड्याला अर्धा किलो ही सुरक्षित गती मानली आहे, आणि वजन उतरवण्याचा आहारही दिवसाला १,००० कॅलरीच्या खाली नसावा असं म्हटलं आहे. फार वेगानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, पाळी अनियमित होते, आणि दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यानं गळायला लागतात. तेव्हा मात्र मेसेज कुणालाच आठवत नाही, सगळे शाम्पू बदलत बसतात.

"भात बंद." या ओळीचा मला सर्वांत राग येतो. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात आपण राहतो, आणि पोरी भाताकडे गुन्हा केल्यासारखं बघायला लागल्यात. शंभर ग्रॅम कोरडा तांदूळ आणि शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ, दोन्हींत कॅलरी साधारण साडेतीनशेच्या आसपास. एक वाटी शिजलेला भात आणि एक मध्यम भाकरी यांत उष्मांकांचा फरक नगण्य. भाकरीत चोथा जास्त, ती चावायला वेळ लागतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा खरा गुण. भात पातळ आमटीबरोबर भराभर जातो आणि वाटी कधी तीन वाट्या होते ते कळत नाही. म्हणजे प्रश्न वाटीचा आहे. एक वाटी भात, त्याच्या दुप्पट उसळ किंवा भाजी, एक भाकरी, दही. यात बंद करण्यासारखं काय आहे?

बंद करायचंच असेल तर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कोपऱ्यात बघा. आमच्या घरी चार माणसं. पाच लिटरचा तेलाचा कॅन महिन्यात संपायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. भागाकार केला तर माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर तेल होतं, म्हणजे साधारण साडेतीनशे कॅलरी. दोन वाट्या भाताइतक्या, नुसत्या फोडणीतून. मी एवढंच केलं: कॅन फोडला की त्यावर मार्करनं तारीख लिहायची, आणि फोडणीला पळीऐवजी पोह्यांचा चमचा. कांदा-लसणाची चटणी तशीच, रस्सा तसाच लाल. रश्श्यावरचा कट पाव इंचाचा होता तो पातळ झाला. आता पाच लिटर पन्नास दिवस जातं. माणशी दिवसाला सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी झाल्या, आणि ताटातला एकही पदार्थ गेला नाही. चहाचंही तसंच. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, की झाल्या दीडशेच्या वर. मी निम्मी केली. पहिले दहा-बारा दिवस चहा बेचव लागला, नंतर पूर्वीचा चहा पाकासारखा लागायला लागला. गुळाचा चहा घेणाऱ्यांनाही सांगते, आपला गूळ कितीही नामांकित असला तरी कॅलरीच्या बाबतीत तो साखरेच्या जवळचाच.

"लिंबू-मध-कोमट पाणी." चरबी भांड्याला लागलेल्या तुपासारखी कोमट पाण्यानं विरघळत नाही. मधाच्या एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात. आवडत असेल तर प्या.

"पट्टा बांधून घाम काढा." कोल्हापुरात हे समजावून सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, कारण घाम काढून वजन उतरवणं म्हणजे काय हे पैलवानाला विचारावं. वजनी गटात बसायला पैलवान पाणी तोडतात, घाम काढतात, आणि वजन झालं की पाणी पिऊन ते परत मिळवतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट पहिल्या दिवशी ५० किलोच्या आत बसली. कुस्त्या झाल्या, खाणंपिणं झालं, आणि रात्रभर घाम गाळूनही दुसऱ्या सकाळी ती १०० ग्रॅम जास्त भरली. जगातली अव्वल मल्ल, सोबत तज्ज्ञांची फौज, तरी घामानं उतरवलेलं वजन एका दिवसात परत येतं. मग स्वयंपाकघरात पोटाला प्लास्टिक गुंडाळून पोळ्या लाटणाऱ्या बाईचं काय टिकणार? उन्हाळ्यात तर तो सरळ चक्कर येण्याचा मार्ग आहे.

"रोज २०० पोटाचे व्यायाम, पोट सपाट." या व्यायामानं पोटाचे स्नायू घट्ट होतात, हे चांगलंच. पण वरची चरबी कुठून जायची हे शरीर ठरवतं. १९७१ साली टेनिसपटूंच्या दोन्ही हातांच्या कातडीखालची चरबी मोजली गेली. ज्या हातानं वर्षानुवर्षं रॅकेट चालवली तो हात जाड, दणकट; चरबीचा थर मात्र दोन्ही हातांवर सारखाच. माझ्या विद्यार्थिनींना मी २०० क्रंचेस कधीच देत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. ताकदीचा म्हणजे आपल्याकडे बैठका आणि जोर, त्याला कुठली मशीन लागत नाही. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावं-बसावं. जोर भिंतीला हात लावून काढावेत. एक गोष्ट मात्र आधीच कळलेली बरी: तासभर भरभर चालून अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि परतताना एक मिसळ खाल्ली की त्या तिथंच भरून निघतात. चालणं झोपेसाठी, साखरेसाठी, हाडांसाठी, उतरलेलं वजन टिकवण्यासाठी. उतरवणं मुख्यतः ताटात होतं.

"मटण, दूध, शेंगदाणे बंद." आधीच खाणं कमी, त्यात प्रथिनंही तोडली तर शरीर स्नायू खातं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. त्यांना मटण सोडायला सांगायचं? बुधवार-रविवारचं मटण खा. फोडी घ्या, तांबडा वाटीभर घ्या, पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध असतं म्हणून दुसऱ्या वाटीला थांबा. वडील तालमीत होते तेव्हा दूध, तूप, बदाम सगळं खायचे आणि अंगावर चिमटीत धरायला चरबी नव्हती. तालीम सुटली, खुराक सुटला नाही, आणि दोन वर्षांत पोट सुटलं. दुधाचा त्यात काय दोष?

आता शेवटची ओळ. "ज्याला जमत नाही त्याच्यात जिद्द नाही."

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. सगळे स्वखुशीनं आलेले. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. ते पुरुष दिवसरात्र अन्नाचा विचार करायला लागले. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडचिडे झाले, उदास झाले, आणि प्रयोग संपल्यावर कितीही खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटेना. निवडून घेतलेल्या निरोगी पुरुषांची ही गत. आणि इथं दोन फळं आणि लिंबूपाण्यावर राहणारी पोरगी रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडते तेव्हा आपण तिला म्हणतो, जिद्द नाही. उपाशी शरीर अन्न मागतं, ते त्याचं कामच आहे.

या ओळीनं होणारं नुकसान मी रोज बघते. आठवीतल्या मुली पी.टी.च्या तासाला ओढणी सोडत नाहीत. स्पर्धेला नाव देत नाहीत, कारण शॉर्ट घालावी लागते. लग्नघरात भेटणारी प्रत्येक बाई "काय गं, सुटलीस की" यानंच बोलणं सुरू करते, आणि तिला वाटतं आपण मायेनं विचारपूस केली. भाचीला बघायला आलेल्यांपैकी एक बाई चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली होती, "फोटोत एवढी वाटली नव्हती." ते वाक्य भाचीनं मला शब्दन् शब्द सांगितलं, दीड वर्षानंतर.

वजन उतरवणं वाईट असं मी म्हणत नाही. मी स्वतः ७४ वरून ६७ वर आले, त्याला १४ महिने लागले, त्यातले दोन महिने काटा जागचा हलला नव्हता. कंबर मोजावी: आपल्याकडे बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. नीट खाऊन, चालूनही वजन चढतच असेल, पाळी चुकत असेल, तर थायरॉईड आणि पीसीओएस (बीजांडकोशाचा विकार) यांची तपासणी करावी. त्यात कमीपणा कसला?

भाचीनं रंकाळ्यानंतरचे दोन महिने माझ्याबरोबर काढले. सकाळी साडेसहाला चालणं, मंगळवार-शुक्रवार बैठका, रात्री आठच्या आत भाकरी-भाजी. लग्नापर्यंत तिचं वजन तीन किलो उतरलं, कंबर चार सेंटिमीटर. पण लग्नाचा ब्लाऊज तिनं त्या मेसेजवर भरवसा ठेवून आधीच दोन इंच तंग शिवायला टाकला होता. लग्नाच्या दहा दिवस आधी आम्ही तो घेऊन महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीत शिवणाऱ्या मावशींकडे गेलो. भाची मान खाली घालून उभी. मावशींनी ब्लाऊज उलटा केला, आतली शिवण अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजूला दीड दीड इंच माया ठेवलीया पोरी. बस, आत्ता उसवून देतो."