थर्मोस्टॅट काढू नका, तो स्क्रू फिरवू नका

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज थंडी सुरू झाली की हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: हीटर आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालू राहणं) या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकीचा दुसरीशी संबंध नाही आणि दोन्ही घरच्या घरी सुटतात. हीटर गार हवा फेकत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून टाका. आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेवरचा, स्क्रू फिरवा. तरी भागलं नाही तर बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर मोटर गेली. आणि हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) गळत असेल तर गळती बंद करणारी पावडर रेडिएटरमध्ये ओता.

घरी काम करायला माझा विरोध नाही, उलट जुनी गाडी त्याच्यासाठीच असते. पण या यादीतला जवळजवळ प्रत्येक उपाय उलटा आहे आणि सुरुवातीचं वाक्य तर सगळ्यात जास्त.

‘संबंध नाही’ हे आधी घेऊ. १९७० ते १९९०च्या दशकांतल्या कितीतरी गाड्यांत हवा पायाकडे जावी, तोंडावर यावी की काचेवर, हे ठरवणाऱ्या झडपा व्हॅक्यूमवर हलतात. काहींत हीटरचा पाण्याचा व्हॉल्व्हसुद्धा तसाच चालतो. हा व्हॅक्यूम येतो इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून, एका बारीक नळीने, मध्ये एक नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह आणि एक छोटी टाकी. वीस-तीस वर्षांनी त्या नळ्या कडक होऊन तडकतात, डॅशबोर्डमागच्या डायफ्रामला, म्हणजे झडप ओढणाऱ्या रबरी पडद्याला, भोक पडतं आणि तिथून हवा सरळ मॅनिफोल्डमध्ये शिरते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन थरथरतं. हवा मोजणारा मीटर असलेल्या इंजेक्शनच्या गाडीत ही हवा मीटरला चुकवून आत येते, म्हणून आयडलिंग डळमळतं. ज्या गाड्या मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल देतात, त्यांत बहुधा आरपीएमच (इंजिनचे मिनिटाचे फेरे) वर चढून बसतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. व्हॅक्यूम नसेल तर बहुतेक गाड्यांत हवा आपोआप काचेकडे वळते. काच धुरकट राहू नये म्हणून मुद्दामच तशी रचना केलेली असते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कमी होतो. त्याच वेळी पायावरची हवा काचेवर गेली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकी किंवा एखादी नळी गेलीय असं समजा.

तपासायचं असं. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हवेच्या दिशेची लिव्हर एकेका खुणेवर सावकाश न्या. एखाद्याच खुणेवर आरपीएम बदलला किंवा डॅशबोर्डमागे सूं आवाज आला, तर गळती त्या फांदीवर आहे. मग मॅनिफोल्डवरून हीटरकडे जाणारी नळी काढून तिथलं तोंड घट्ट बंद करा. आयडलिंग शांत झालं की दोष डॅशबोर्डच्या बाजूला, नाही झालं तर इतरत्र. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तमच: समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. उंचीवर दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा धरायचा. गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो भडकतो आणि एक्झॉस्ट शेजारीच असतो, तेव्हा नकोच.

दुसरा दुवा कूलंटचा, म्हणजे इंजिन आणि हीटरमधून फिरणाऱ्या पाण्याचा. पातळी खाली गेली की हीटर कोअरमध्ये हवा अडकते, वेग बदलताना डॅशबोर्डमागे गुळगुळ ऐकू येते आणि हीटर कधी गरम तर कधी गार. तीच हवा तापमानाच्या सेन्सरपाशी अडकली तर कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, इंजिनचं तापमान चुकीचं कळतं. काही जुन्या जपानी गाड्यांत थ्रॉटलजवळ मेणाचा एक व्हॉल्व्ह असतो: कूलंटने तापून मेण फुगलं की थंडीत दिलेली जादा हवा बंद होते. तिथे गरम कूलंट पोचलंच नाही तर हवा चालूच राहते, आरपीएम चढतो, युनिट पेट्रोल तोडतं, आरपीएम पडतो, पुन्हा पेट्रोल येतं, पुन्हा चढतो. स्क्रू कितीही फिरवला तरी हे चक्र थांबायचं नाही. इथे औषध कूलंट भरून हवा काढणं एवढंच, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं.

आता थर्मोस्टॅट. उघडा अडकलेला थर्मोस्टॅट हीटर गार ठेवतो, हे खरं. पण तो काढून टाकणं म्हणजे तोच बिघाड कायमचा करून घेणं! बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान उघडायला लागतात. तो नसला तर थंडीत इंजिन पुरेसं तापत नाही, इंजेक्शनची गाडी वॉर्म-अपचं जास्तीचं पेट्रोल देत राहते, आयडलिंग चढं राहतं आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं. म्हणजे एका तक्रारीच्या दोन झाल्या. काढण्याआधी साधी परीक्षा करा: थंड इंजिन चालू करून वरच्या रेडिएटर होजला (जाड रबरी नळीला) हात लावा, पंख्यापासून जपून. थोडा वेळ गार राहून मग ती एकदम तापली तर थर्मोस्टॅट ठीक आहे. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर बदला.

त्यानंतर हीटरच्या दोन्ही होज बघा. दोन्ही गरम आणि हवा गार, तर पाणी पोचतंय. दोष गरम-गार मिसळणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये. बऱ्याचदा केबलची क्लिप निसटलेली असते, एवढंच. एक गरम आणि एक गार, तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कोअर तुंबलाय.

थ्रॉटलवरच्या स्क्रूबद्दल: कार्ब्युरेटरला आयडल स्पीडचा स्क्रू खरोखरच फिरवण्यासाठी असतो, पण व्हॅक्यूमची गळती मिटल्यावर. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत थ्रॉटलची पाती जिथे टेकते तो स्टॉपचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो हलवला की थ्रॉटल बंद आहे हे सेन्सरला पटत नाही आणि युनिट आयडलिंग सांभाळायचंच सोडून देतं. तिथे आधी थ्रॉटल बॉडी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा कमीजास्त करणारा) यांवरचा कार्बन साफ करा.

बॅटरी काढल्याने काय होतं? शिकलेलं आयडलिंग पुसलं जातं, सोबत युनिटने नोंदवलेले बिघाडाचे फॉल्ट कोडही, म्हणजे पुरावाच गेला. परत शिकेपर्यंत गाडी आधीपेक्षा वाईट चालू शकते.

ब्लोअर शेवटच्या नंबरवर चालतो, म्हणजे मोटर जिवंत आहे. खालचे वेग रेझिस्टरमधून (वीज कमी करणाऱ्या भागातून) जातात, वरचा त्याला वळसा घालून. रेझिस्टर बदला आणि त्याचा कनेक्टर करपलाय का तेही बघा.

पावडर गळतीचं भोक आणि कोअरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही. पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर कोअर बदलावाच लागतो; तोवर हीटरच्या दोन होज एकमेकींना जोडून गाडी चालवता येते. गळलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. ते विषारी असतं आणि कुत्रीमांजरं ते चाटतात.