‘कार्डाचे बिल भरू नका’ हा सल्ला कोणाच्या जिवावर दिला जातो?

मिरजेला राहणाऱ्या माझ्या मावशीने आयुष्यात कोणाची उधारी ठेवलेली नाही. किराणा दुकानदाराच्या वहीतले आपले पान दर महिन्याच्या अखेरीस कोरे करून घेणाऱ्या या निवृत्त शिक्षिकेने दोन महिन्यांपूर्वी क्रेडिट कार्डाचे १८,६४० रुपयांचे बिल जाणूनबुजून भरले नाही, कारण भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका मजकुराने तिला तसे करायला सांगितले होते. मला ही गोष्ट कळली तेव्हा देय तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

तो मजकूर त्यानंतर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सर्वोच्च न्यायालयाने ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदेशीर ठरवले आहे, मागील सहा वर्षांचे सर्व व्याज व शुल्क परत मागता येते, अर्ज दिल्यापासून निकाल लागेपर्यंत एक रुपयाही भरू नये, त्या काळात बँक सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला) कळवू शकत नाही, कार्ड बंद करण्यास उशीर झाल्यास बँक रोज ५०० रुपये देणे लागते, आणि लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडे) जाण्याचे काम ‘आमचा प्रतिनिधी’ २० टक्के फी घेऊन करून देईल.

सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो, तो म्हणजे बिल न भरण्याचा. मावशीची तक्रार खरी होती. तिचे कार्ड आजीव मोफत होते. तिने न मागता बँकेने ते ‘अपग्रेड’ केले, नवे कार्ड तिने पाकिटातून बाहेरही काढलेले नसताना ते चालू केले, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्क १,९९९ रुपये व त्याखालच्या ओळीत जीएसटी ३५९ रुपये ८२ पैसे लावले. म्हणजे वादातली रक्कम २,३५८ रुपये ८२ पैसे एवढीच होती. उरलेले १६,२८१ रुपये १८ पैसे तिने स्वतः केलेल्या खरेदीचे होते: औषधे, विजेचे बिल आणि नातवाच्या शाळेचे बूट. त्या पैशांबद्दल तिचा बँकेशी काही वाद नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. तरीही त्या मजकुरावर विश्वास ठेवून तिने सगळेच बिल अडवले. तिच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के आहे. या हिशेबाने न भरलेल्या त्या रकमेवर महिन्याचे व्याजच ५७० रुपयांच्या घरात जाते, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि विलंब शुल्क वेगळे. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत संपते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. ज्या रकमेवर आपला आक्षेपच नाही ती अडवून आपण बँकेची कोंडी करत नाही, आपल्याच खिशाला भोक पाडतो.

सिबिलच्या मुद्द्यात अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट व डेबिट कार्डांबाबत जे निर्देश काढले आणि जे १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यांत वाद प्रलंबित असलेल्या कार्डांबाबत बँकांनी विशेष काळजी घ्यावी आणि थकबाकीची माहिती वाद मिटल्यानंतरच सिबिलसारख्या संस्थांना द्यावी, असे म्हटले आहे. ग्राहकाने फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये, असेही त्यांत आहे. पण आपण स्वतः केलेल्या खरेदीचे पैसे थांबवण्याची मुभा त्यांत कुठेही नाही. त्या मजकुरासोबत आलेला, नाव-गाव बदलून पाठवलेला छापील अर्ज म्हणजे खरा वाद, असे कोणी मानेल या भरवशावर स्वतःचे नाव पणाला लावू नये.

आता सर्वोच्च न्यायालयाचा मुद्दा. हा तर सरळ उलटा सांगितला आहे. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे ७ जुलै २००८ रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटले होते. ‘आवाज’ या ग्राहक संस्थेने त्यासाठी लढा दिला होता आणि तो आदर करावा असाच लढा होता. मात्र २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा तो निर्णय रद्द केला. बँक आणि कार्डधारक यांच्यात ठरलेल्या कराराच्या अटी नव्याने लिहिण्याचा अधिकार आयोगाला नाही, आणि व्याजदराचे धोरण हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, असे न्यायालयाने म्हटले. मला स्वतःला महिन्याला साडेतीन, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज अन्यायकारक वाटते आणि त्यावर मर्यादा यावी असेही वाटते. पण जो निकाल रद्द झाला आहे तो हातात धरून सेवानिवृत्त माणसांना बँकेशी भांडायला पाठवणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे.

सहा वर्षांचा आकडा कुठून आला असावा, याचा अंदाज बांधता येतो. इंग्लंडमध्ये करारभंगाच्या दाव्याची मुदत सहा वर्षांची आहे. एप्रिल २००६ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या संस्थेने १२ पौंडांपेक्षा जास्त विलंब शुल्क अनुचित समजले जाईल असे जाहीर केल्यानंतर हजारो लोकांनी जुनी शुल्के परत मागितली. तिथली पत्रे इथे कोणीतरी रुपये घालून फिरवली असावीत, असे त्या अर्जाच्या घडणीवरून दिसते. आपल्याकडे ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि लोकपालाकडे त्याहूनही कमी. सहा वर्षांच्या भरवशावर जो थांबेल तो दोन्ही दारे बंद झाल्यावर पोहोचेल.

रोज ५०० रुपयांची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली आहे. कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी केली नाही तर बँकेने प्रत्येक दिवसाला ५०० रुपये द्यायचे आहेत. त्यासाठी कार्डावर काहीही थकलेले नसावे लागते. ‘बिल भरू नका’ आणि ‘रोज ५०० रुपये घ्या’ हे शेजारी शेजारी दिलेले दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येत नाहीत, इतकाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

प्रतिनिधीबद्दल फार लिहीत नाही. लोकपालाकडील तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर ती घरबसल्या नोंदवता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्या ‘प्रतिनिधी’ने मावशीकडे कार्डाचा पूर्ण क्रमांक आणि मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला होता. सुदैवाने त्या दिवशी तिला चष्मा सापडला नाही.

जे खरोखर मागता येते ते या मजकुरात नाहीच, याचा मला सर्वांत जास्त राग आहे. त्याच २०२२ च्या निर्देशांत म्हटले आहे की न मागता दिलेले किंवा अपग्रेड केलेले कार्ड ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय चालू करून त्याचे बिल लावले, तर बँकेने ती आकारणी तत्काळ रद्द करावी आणि तिच्या दुप्पट रक्कम, कुरकुर न करता, दंड म्हणून ग्राहकाला द्यावी. कार्ड देताना न सांगितलेले शुल्क लावता येत नाही, आणि शुल्क वाढवायचे असल्यास किमान एक महिना आधी कळवावे लागते. विलंब शुल्क देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक थकल्यावरच लागते, आणि तेही न भरलेल्या रकमेवर, पूर्ण बिलावर नाही. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज चढवता येत नाही. ग्राहकाने बिलावर हरकत घेतली तर ३० दिवसांच्या आत कागदपत्रांसह खुलासा देणे बँकेला बंधनकारक आहे. आपल्या स्टेटमेंटवर बोट ठेवून एकेक ओळ तपासायला हे पुरेसे आहे.

मला हे कळले त्याच संध्याकाळी मावशीने १६,२८१ रुपये १८ पैसे भरले. मग आम्ही दोघांनी बसून बँकेच्या तक्रार विभागाला पत्र लिहिले. त्यात कायद्याची कलमे किंवा धमक्या नव्हत्या. अपग्रेडचा संदेश कोणत्या तारखेला आला, संमती कोणत्या मार्गाने घेतली त्याचा पुरावा द्यावा, २,३५८ रुपये ८२ पैसे परत करावेत आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ४,७१७ रुपये ६४ पैसे, दंड द्यावा, एवढेच होते. सोबत स्टेटमेंटचे ते पान आणि संदेशाचे छायाचित्र जोडले, आणि मिळालेला तक्रार क्रमांक मावशीने तिच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला. बाविसाव्या दिवशी बँकेने शुल्क व जीएसटी परत जमा केले. दंडाबद्दल उत्तरात एक शब्द नव्हता. अकरा दिवसांच्या उशिराचे विलंब शुल्क आणि व्याज मात्र तिला भरावे लागले, आणि त्याविरुद्ध मला काही लिहिता आले नाही, कारण ते नियमानुसार होते. तक्रार अंशतः मान्य झाली तरी उरलेल्या मागणीसाठी लोकपालाकडे जाता येते. त्यामुळे दंडाची मागणी आता तिथे नोंदवली आहे, आणि तो तक्रार क्रमांकही दिनदर्शिकेवर पहिल्याच्या खाली आहे.